लिबियाच्या बंडखोर सरकारबद्दल लिहिताना या चुका टाळा

२०११ च्या लिबियाबद्दल लिहिताना बहुतेक जण पदांची यादी बघतात आणि त्यावरून सत्तेचा अंदाज बांधतात. गोंधळ तिथेच सुरू होतो. हुकूमशहा मुअम्मर गद्दाफींविरुद्धची यादवी चालू असताना उभ्या राहिलेल्या सरकारात कोण कुठल्या खुर्चीवर बसलं होतं यापेक्षा त्याचा हुकूम कोण पाळत होतं, हे आधी शोधावं.

अध्यक्ष आणि सरकारप्रमुख एकच समजणे

मुस्तफा अब्दुल जलील हे बेनगाझी शहरातल्या राष्ट्रीय संक्रमण परिषदेचे, म्हणजे बंडखोरांच्या सरकारचे, अध्यक्ष. प्रत्यक्ष कारभाराच्या कार्यकारी मंडळाचे प्रमुख मात्र महमूद जिब्रिल. मान्यता आणि पैसा मिळवण्यासाठी जिब्रिल यांचा बराच वेळ परदेशात जायचा, आणि त्यावरून बंडखोरांच्याच गोटात टीका व्हायची. जलील गद्दाफींचे न्यायमंत्री होते, जिब्रिल त्याच राजवटीत आर्थिक विकास मंडळाचे प्रमुख. ही पार्श्वभूमी गाळली तर लढणाऱ्या तरुणांना या नेत्यांबद्दल वाटणारा अविश्वास वाचकाला कळतच नाही.

परिषदेची फौज एकसंध होती असं मानणे

ही सर्वांत महागात पडणारी चूक. कागदावर सेनाप्रमुख होते अब्दुल फतह यूनिस, १९६९ च्या उठावापासून गद्दाफींच्या सोबत असलेले आणि फेब्रुवारीत गृहमंत्रिपद सोडून बंडखोरांकडे आलेले. मार्चमध्ये माजी लष्करी अधिकारी खलिफा हफ्तार अमेरिकेतून परतले आणि खरा सेनापती कोण, यावर परिषदेतूनच उलटसुलट विधानं होऊ लागली. त्यामुळे त्या काळातली एकच बातमी धरून नाव लिहू नका, पुढच्या काही दिवसांच्या बातम्याही ताडून पाहा.

२८ जुलैला यूनिस यांना चौकशीसाठी आघाडीवरून बोलावलं गेलं आणि दोन सहकाऱ्यांसह त्यांची हत्या झाली. मारेकरी बंडखोरांच्याच बाजूचे असल्याचं समोर आलं. यूनिस यांची ओबैदी जमात संतापली आणि ऑगस्टमध्ये जलील यांनी प्रमुख जिब्रिल वगळता अख्खं कार्यकारी मंडळ बरखास्त केलं. स्वतःच्या सेनापतीला वाचवू न शकलेल्या परिषदेचं मिस्राता आणि झिंतान या शहरांच्या ब्रिगेडींवर, म्हणजे स्थानिक सशस्त्र गटांवर, नियंत्रण होतं असं लिहिणं म्हणजे त्या देशाची पुढची सगळी वर्षं चुकीची वाचणं.

तारखा जुळत नसतील तर

परिषदेची घोषणा २७ फेब्रुवारीला झाली, पहिली बैठक ५ मार्चला. स्थापनेच्या दोन तारखा दिसतात त्या यामुळे. फ्रान्सने १० मार्चला मान्यता दिली, अमेरिकेने १५ जुलैला. राजधानी त्रिपोली तोवर गद्दाफींकडेच होतं. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या १७ मार्चच्या ठराव १९७३ ने बंडखोरांना मान्यता दिली, असंही लिहू नका. तो नागरिकांचं संरक्षण आणि उड्डाणबंदी क्षेत्र यासाठी होता, आणि भारत त्यावर तटस्थ राहिला होता. संयुक्त राष्ट्रांतली जागा परिषदेला १६ सप्टेंबरला मिळाली.

गद्दाफींच्या मृत्यूला शेवट समजणे

गद्दाफी २० ऑक्टोबरला सिर्तमध्ये मारले गेले, २३ तारखेला मुक्तीची घोषणा झाली. नेतृत्वाची खरी परीक्षा इथून सुरू झाली. जिब्रिल पायउतार झाले आणि अब्दुररहीम अल-कीब पंतप्रधान झाले. त्यांच्या मंत्रिमंडळात संरक्षण खातं झिंतानच्या नेत्याकडे गेलं, गृहखातं मिस्रातातल्या नेत्याकडे. ही नावं नुसती पाठ करण्यापेक्षा त्यांची गावं बघा, वाटप कुणाच्या जोरावर झालं ते लगेच कळतं. १९ नोव्हेंबरला पकडलेल्या गद्दाफींच्या मुलाला, सैफ अल-इस्लामला, झिंतानच्या लोकांनी आपल्याच ताब्यात ठेवलं. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचं वॉरंट होतं, तरी सरकार त्याला त्रिपोलीच्या तुरुंगात आणू शकलं नाही.

परिषदेचा कार्यकाळ लिहायचा झाला तर तो ८ ऑगस्ट २०१२ पर्यंत धरा. ७ जुलैच्या मतदानातून निवडून आलेल्या २०० सदस्यांच्या सभागृहाकडे तिने त्या दिवशी सत्ता सोपवली.