डिस्क वाकली नव्हती

रोज मला बेळगावच्या उद्यमबागला ड्यूटीवर नेते तीच गाडी महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या रविवारी मुरमावर घड्याळाशी पळते. जुनी स्विफ्ट. पुढं व्हेंटिलेटेड डिस्क, मागं ड्रम. दुसरी गाडी घ्यायची ऐपत नाही आणि घरी तो विषय काढायची हिंमत नाही. तुमचंही असंच असेल तर हे तुमच्यासाठी. कॅलिपर कुठं असतो, पॅड कसे बदलतात हे सांगत बसत नाही.

रेसिंग पॅड घेऊ नका. मी घेतले होते. ऑटोक्रॉसची, म्हणजे या घड्याळाशी पळायच्या शर्यतीची, एक फेरी मिनिट-दीड मिनिटाची. मुरमावर ब्रेक तापायच्या आधीच टायर पकड सोडतो. दीड-दोनशे अंशांना जागे होणारे पॅड त्या फेरीत झोपूनच असतात. आणि सोमवारी सकाळी, जुलैच्या पावसात, गोगटे सर्कलला कुणी सायकलवाला आडवा आला की पेडल दाबूनही गाडी पुढंच जाते. मला ते एकदाच कळलं, पुरेसं झालं. तुम्हाला लागते ती ब्रेक थंड असतानाची पकड, म्हणजे रस्त्याचाच पण चांगला पॅड. पाठीवर किंवा कडेला दोन अक्षरं असतात: पहिलं थंड पकडीचं, दुसरं गरम पकडीचं. ई म्हणजे घर्षण ०.२५ ते ०.३५, एफ ०.३५ ते ०.४५, जी ०.४५ ते ०.५५. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं दिसलं तर डबा परत द्या. मी सेमी-मेटॅलिक, म्हणजे मसाल्यात धातू मिसळलेले पॅड वापरतो. चाकं काळी होतात, थोडा आवाज करतात, पण घाटात दम सोडत नाहीत.

डिस्क साधी घ्या. भोकं पाडलेली डिस्क दिसायला झकास, पण भोकांच्या कडेनं तडे जातात आणि आपला लाल मुरूम त्यात बसतो. खाचांची चालते, फक्त पॅड लवकर खाते. मी फाउंड्रीच्या मशिन शॉपमधला माणूस आहे. ग्रे आयर्नमधल्या, म्हणजे बिडातल्या, ग्रॅफाइटच्या पापुद्र्या उष्णता वाहून नेतात आणि थरथर गिळतात, म्हणून तर डिस्क अजून बिडाची असते. बिड जितकं जास्त, तितकी उष्णता पोटात घेते. भोकं पाडून तेच कमी करायचं कशाला?

आता मी जिथं फसलो ते. इथं जरा लांबण लागेल.

नवे पॅड, नवी डिस्क बसवून त्याच शनिवारी घरच्यांना घेऊन गोव्याला निघालो. जांबोटी, कणकुंबी, मग चोर्ल्याचा उतार. वरून खालपर्यंत ब्रेकवर पाय. खाली केरीच्या चेकपोस्टला रांग होती. उतारच तो, म्हणून पेडल दाबून पाच-सात मिनिटं उभा राहिलो. परत येताना ऐंशीच्या वर ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरायला लागलं.

आमचे मेकॅनिक मामा म्हणाले, "डिस्क बेंड झालीया गा. तू काय ब्रेक दाबूनच गाडी चालवून लागलायस काय?" आम्ही डिस्क काढल्या, आमच्याच शॉपमध्ये लेथवर हलका कट मारला, बसवल्या. लोण्यासारखा ब्रेक. तीन-चार हजार किलोमीटर झाले आणि थरथर परत! पुन्हा नव्या डिस्क. पुन्हा तेच. एका वर्षात दोन जोड्या भंगारात घातल्या. रोज डायल, म्हणजे मायक्रॉनमध्ये डगमग दाखवणारं काट्याचं मापयंत्र, हातात घेऊन जॉब तपासणारा मी, स्वतःच्या गाडीला एकदाही डायल लावला नव्हता. याची लाज अजून वाटते.

लावला तेव्हा कळलं. पहिल्या वेळी डिस्क वाकलीच नव्हती. पॅड बेडिंग न करता, म्हणजे आधी डिस्कवर नीट बसवून न घेता, घाटात तापवले, आणि उभ्या गाडीत गरम पॅड एकाच जागी दाबून धरल्यामुळं त्याचा मसाला तिथं चिकटला. तेवढ्या डागावर जाडी आणि पकड दोन्ही बदलतात. पंधरा-वीस मायक्रॉनचा फरकसुद्धा पायाला आणि हाताला कळतो. दुसऱ्या वेळची भानगड वेगळी. लेथवर डिस्क एकदम सपाट झाली होती, पण ती बसवली गंजलेल्या हबवर, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर. खानापूरकडचा पाऊस, हबच्या तोंडावर गंजाची खवली. खवलीवर डिस्क जरा तिरकी बसते, दर फेऱ्याला पॅडला एकाच जागी घासते, ती जागा झिजते आणि काही हजार किलोमीटरनी थरथर सुरू. नवी डिस्क घातली तरी हब तोच, म्हणून रोगही तोच.

म्हणून डिस्क काढली की आधी हबचं तोंड वायर ब्रशनं आणि एमरी पेपरनं चकचकीत करा, बोल्टच्या मुळाशीसुद्धा. डिस्क बसवा, चाक न लावता वॉशर घालून सगळे नट आवळा, बाहेरच्या कडेपासून साधारण १० मिमी आत डायल टेकवून डिस्क फिरवा. काट्याचं हलणं ०.०५ मिमीच्या आत आलं तर गप्प बसा. जास्त आलं तर डिस्क एक बोल्ट पुढं सरकवून पुन्हा बघा. बऱ्याचदा एवढ्यानंच जमतं. चाकाचे नट एअर गननं हाणू देऊ नका. टॉर्क रेंचनं, समोरासमोर. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. तिच्या खाली जात असेल तर कट मारू नका, मग लेथ तुमच्या मामाचा असो की काकाचा.

बेडिंग सोपं आहे. पहाटे, मागं कुणी नसताना, साठवरून दहा-पंधरापर्यंत दमदार ब्रेक, आठ-दहा वेळा. पूर्ण थांबायचं नाही. मग दहा किलोमीटर ब्रेक न लावता सावकाश, डिस्क थंड होईपर्यंत. पॅडची जात बदलत असाल तर आधी डिस्कवरचा जुना थर एमरीनं काढा.

हे वाचून घाबरू नका. थरथर सुरू झाली म्हणजे लगेच पैसे गेले असं नाही. कोवळा डाग असेल तर हेच बेडिंग पुन्हा केल्यावर बरेचदा जातो. पण पेडल खोल जायला लागलं, तर मात्र गाडी जागेवर थांबवा. ते डिस्कचं नाही, ब्रेक ऑइलचं दुखणं. डॉट ४ जातीचं ब्रेक ऑइल नवं असताना २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषलं की तीच हद्द १५५ वर येते. आपल्याकडं पावसाळा चार महिन्यांचा. दोन वर्षांनी ऑइल बदला, कुणी काही म्हणो.

सल्ला कुणाचा घ्यावा? व्हिडिओतल्या गुरूंचा नको. ज्याच्या कपाटात डायल आहे आणि जो तो बाहेर काढतो, त्याचा घ्या. मामांना मी ती वर्षभराची गोष्ट सांगितली तेव्हा ते चिडले, दोन दिवस बोलले नाहीत. आता गंजका हब आला की फोन येतो, "डायल घेऊन ये की जरा."

मागच्या ड्रमचं माझं अजून जमलेलं नाही. प्रत्येक इव्हेंटनंतर उघडले की मूठभर लाल माती निघते, आणि हँडब्रेक तोवर एका बाजूला ओढायला लागलेला असतो.