पहिलटकरणीच्या नवऱ्याने काय करायचं

बाळंतपणाच्या दिवशी नवरा बहुतेक वेळ बिलिंग काउंटरपाशी, झेरॉक्सच्या दुकानात नाहीतर पार्किंग शोधण्यात घालवतो, आणि आत लेबर रूममध्ये ती एकटी कळा देत असते. हे टाळता येतं. धावपळीची कामं छत्तिसावा आठवडा लागायच्या आत उरकायची, उरतील ती भावाच्या किंवा मित्राच्या हवाली करायची. त्या दिवशी तुमची जागा तिच्या उशाशी आहे.

छत्तिसाव्या आठवड्याच्या आत

हॉस्पिटलला तीन प्रश्न विचारा. नवऱ्याला लेबर रूममध्ये थांबू देतात का? रात्री भूलतज्ज्ञ किती वेळात येतात? बाळाला काचेच्या पेटीत ठेवायची वेळ आली तर इथेच सोय आहे की दुसरीकडे हलवतात? महापालिकेच्या किंवा सरकारी रुग्णालयात एकाच खोलीत इतरही बायका असतात, म्हणून तिथे सोबतीला बहुधा बाईमाणसालाच घेतात. तसं असेल तर सोबत आई हवी, बहीण हवी की जाऊ, हे तिलाच विचारा. परस्पर ठरवू नका.

फाईल एकच ठेवा: सगळ्या सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट, माता-बाल संरक्षण कार्ड, दोघांची आधार कार्डं, मेडिक्लेमचं कार्ड, आणि प्रत्येकाच्या चार झेरॉक्स. कॅशलेस घेणार असाल तर टीपीए डेस्कचे (हॉस्पिटलमधला विम्याचं काम बघणारा काउंटर) फॉर्म आधीच भरून ठेवा. पहाटे तीनला तो डेस्क बंद असतो, डिपॉझिट मात्र तेव्हाच मागतात. म्हणून थोडी रोकड जवळ असू द्या, तळघरातल्या काउंटरला रेंज नसली की फोनवरून पैसे जात नाहीत. तिचा रक्तगट निगेटिव्ह आणि तुमचा पॉझिटिव्ह असेल तर ते फाईलच्या पहिल्या पानावर ठळक लिहा. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर तिला ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन लागतं.

रस्त्याचा अंदाज नकाशावर घेऊ नका, प्रत्यक्ष जाऊन घ्या: एकदा सकाळी नऊला, एकदा रात्री. ठाण्यात ओवळा-कासारवडवलीहून नौपाड्याला यायचं तर माजिवडा आणि कापूरबावडीला किती वेळ जातो ते त्याशिवाय कळत नाही. रात्री घोडबंदर रस्ता मोकळा असेल हे गृहीत धरू नका, अवजड गाड्या तेव्हाच असतात. पावसाळ्यात ऐरोलीहून ठाण्याकडे यायचं असेल तर विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचतं, तेव्हा दुसरा रस्ता आधीच ठरवा. नवी मुंबईत राहत असाल तर ठाणे-बेलापूर रस्त्याची ऑफिस सुटायची वेळ बघून ठेवा. सोसायटीत गाडी एकामागे एक लागत असेल तर शेवटचे तीन आठवडे तुमची पुढे राहू द्या, आणि वॉचमनला सांगून ठेवा. रुग्णवाहिकेसाठी १०८. गर्भवतीला सरकारी रुग्णालयात मोफत नेण्यासाठी १०२ आहे.

बॅगेत तिच्यासाठी पुढून उघडणारे तीन गाऊन, मोठ्या पॅडची दोन पाकिटं, सपाता, स्ट्रॉची बाटली. बाळासाठी धुतलेल्या मऊ सुती कपड्याची सहा दुपटी, पंधरा लंगोट, तीन टोपडी. तुमच्यासाठी एक बटणाचा शर्ट, का ते पुढे येईल, आणि खजूर-शेंगदाणे. उपाशीपोटी उभं राहिल्याने लेबर रूममध्ये भोवळ आलेले नवरे सिस्टरना नेहमी दिसतात.

कळा मोजणं

इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो. एक कळ संपल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंतचा वेळ मोजायचा नसतो. एक कळ सुरू झाल्यापासून पुढची सुरू होईपर्यंत मोजायचं. वहीत दोन रकाने करा, एकात सुरू झाल्याची वेळ, दुसऱ्यात ती किती सेकंद टिकली. चुकीचं मोजलं की पाच मिनिटांच्या कळा चारच्या वाटतात आणि तुम्ही फार लवकर निघता.

खोट्या कळा चाललं, कूस बदलली, पाणी प्यायलं की विरतात. खऱ्या कळा विरत नाहीत. त्या बहुधा कमरेतून पुढे येतात आणि दर वेळी जरा जास्त जोराच्या होतात. पहिलटकरणीसाठी साधारण हिशेब असा: दर ५ मिनिटांनी एक, प्रत्येक जवळजवळ १ मिनिटाची, आणि हे १ तास टिकलं की निघायचं. हॉस्पिटलला पोचायला पाऊण तास लागत असेल तर सात-आठ मिनिटांवरच निघा. त्याआधी गेलात तर बहुतेकदा गर्भपिशवीचं तोंड दोनच सेंटीमीटर उघडलेलं असतं आणि घरी परत पाठवतात. त्यात ओशाळण्यासारखं काही नाही.

पण काही गोष्टींत मोजत बसायचं नाही, सरळ निघायचं: पाणी गेलं, अंगावरून लाल रक्त गेलं, बाळाची हालचाल कमी झाली, डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आत कळा लागल्या. पाणी गेलं तर वेळ आणि रंग लिहून ठेवा. स्वच्छ किंवा फिकट गुलाबी ठीक, हिरवट किंवा तपकिरी असेल तर बाळाने आत शी केली असण्याची शक्यता असते. हे दारातच सिस्टरना सांगा.

लेबर रूममध्ये

पहिल्या खेपेला दहा-बारा तास, कधी त्याहून जास्तही लागतात. उशाशी, तिच्या नजरेसमोर उभे राहा. कळ आली की तळहाताच्या टाचेने माकडहाडाच्या वर, कमरेच्या अगदी खालच्या सपाट हाडावर घट्ट दाब द्या. चोळायचं नाही, दाबून धरायचं, आणि कळ ओसरली की हळूच हात काढायचा. पाठीतून येणाऱ्या कळांना याने खूप आराम पडतो. जागा एक बोटभर चुकली तरी फरक पडतो, म्हणून "इथे? की खाली?" एवढं एकदा विचारून घ्या. कळ चालू असताना प्रश्न विचारू नका. तेव्हा फक्त तिच्याबरोबर सावकाश श्वास सोडा. तिला हात नको असेल तर लगेच काढून घ्या.

दर दोन तासांनी तिला लघवीला नेण्याची आठवण ठेवा. भरलेल्या मूत्राशयामुळे बाळाचं डोकं खाली सरकायला अडथळा होतो, आणि कळांच्या भरात हे तिच्या लक्षात राहत नाही. डॉक्टरांची परवानगी असेल तर घोटघोट पाणी द्या. मॉनिटरकडे सारखं बघू नका. बाळाचे ठोके साधारण ११० ते १६० असतात आणि आकडा वरखाली होतच असतो. शंका आली तर सिस्टरना एकदा विचारा.

शेवटी शेवटी, आठ-नऊ सेंटीमीटरच्या सुमारास, ती थरथरेल, उलटी होईल, "मला नाही जमत, घरी चल" म्हणेल. तुम्हाला भीती वाटेल. पण बहुतेकदा याचा अर्थ आता थोडंच उरलंय असा असतो. तिला तसं सांगा, एकाच वाक्यात. गरगरलं तर हिरो होऊ नका, लगेच खाली बसा.

सिझर ठरलं तर "का?" एवढंच विचारा आणि सही करा. वाद घालायची ती वेळ नाही. बाळ बहुधा पहिल्या दहा मिनिटांत बाहेर येतं, टाके घालायला पुढे अर्धा-पाऊण तास जातो. तेवढ्यात बाळ तुमच्या हातात देतील. इथे तो बटणाचा शर्ट: बटणं सोडा, बाळाला नुसत्या लंगोटावर उघड्या छातीवर उभं धरा, डोक्याला टोपडं, वरून दुपटं. नाक मोकळं आहे ना, सारखं बघा. बाळाला ऊब मिळते, श्वासही स्थिर व्हायला मदत होते. आईच्या आणि बाळाच्या मनगटावरचे टॅग जुळवायला विसरू नका.

हातपाय निळसर, डोकं लांबुळकं, अंगावर पांढरा थर: पहिल्या दिवशी हे सगळं ठीक असतं. थर पुसू नका, पहिले २४ तास आंघोळही नको.

पहिला तास आणि पहिले दिवस

पहिल्या तासात बाळ अंगावर लागलं पाहिजे, सिझर असलं तरी. टाक्यांमुळे तिला वळता येत नाही, म्हणून बाळ उचलून जवळ लावणं हे तुमचं काम. तोंड पूर्ण उघडलेलं, हनुवटी स्तनाला टेकलेली, काळा भाग खालून कमी आणि वरून जास्त दिसणारा, अशी पकड बरोबर. पहिला पिवळट चीक चमचाभरच येतो, आणि पुरतो. बाळाचं पोटच तेवढं असतं.

घरचे प्रेमाने मध-सोनं चाटवायला बघतील, कोणी गुटी आणेल. नम्रपणे पण ठामपणे नाही म्हणा. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. सासूबाईंना हे तिने सांगण्यापेक्षा तुम्ही सांगितलेलं बरं. ओली बाळंतीण असताना तिच्यावर तो ताण नको.

बीसीजी (क्षयरोगाची), पोलिओचा शून्य म्हणजे जन्मल्यावरचा डोस आणि २४ तासांच्या आत हिपॅटायटिस-बी, या लशी कार्डावर लिहिल्यात का ते बघा. पहिल्या २४ तासांत कावीळ दिसली तर लगेच डॉक्टरांना दाखवा. तिसऱ्या-चौथ्या दिवसाची सौम्य कावीळ बहुतेक बाळांना होते, तीही दाखवून घ्या. ओल्या लंगोटांची खूण करत जा: पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, पाचव्या दिवसानंतर निदान सहा.

जन्मनोंदीचा फॉर्म डिस्चार्जच्या गडबडीत भरू नका. आईवडिलांच्या नावांचं स्पेलिंग आधार कार्डाशी अक्षरन् अक्षर जुळवा. नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, बाळाचं नाव मात्र बारशानंतर, वर्षभरात विनाशुल्क घालता येतं. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत हाच दाखला जन्मतारखेचा पुरावा असतो, आणि चूक दुरुस्त करायला फार खेटे पडतात.

घरी नेताना खड्डे आणि स्पीडब्रेकर सावकाश घ्या, टाक्यांना धक्का बसतो. घरी आल्यावर एका तासात पूर्ण पॅड भिजत असेल, ताप आला, किंवा पोटरी एकाच पायाची सुजून दुखत असेल, तर सकाळची वाट बघू नका.