घोडबंदरच्या धुळीत राहून फुप्फुसं कशी जपायची

आमचं घर ठाण्यात घोडबंदर रोडवर, वाघबीळ नाक्याजवळ, चौथ्या मजल्यावर. तीन वर्षांपूर्वी सासूबाईंना कोरडा खोकला लागला. अडुळसा झाला, हळद-दूध झालं, औषधाच्या दोन-तीन बाटल्या संपल्या. मग न्हाणीघरापर्यंत जातानाही दम लागायला लागला. छातीच्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन सांगण्याआधी एकच विचारलं, "घराजवळ कबुतरं आहेत का?" सासूबाई रोज सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत मूठभर ज्वारी टाकायच्या. त्यांना ते पुण्याचं काम वाटायचं आणि मलाही त्यात कधी वावगं दिसलं नव्हतं.

कबुतरांच्या सुकलेल्या विष्ठेची आणि पिसांची बारीक धूळ रोज श्वासातून आत जात राहिली, की काही जणांचं शरीर तिच्याशी झुंजायला लागतं. त्यात फुप्फुसांना सूज येते. वर्षानुवर्षं हे चालू राहिलं तर सुजेच्या जागी वण पडतात आणि तेवढा भाग कायमचा कडक होतो. सासूबाईंचा थोडा भाग तसा झालाच आहे. म्हणून पहिलं काम हेच सांगते.

दाणे टाकणं बंद करा. खिडकी, एसीच्या मागची जागा आणि डक्ट, तिन्हीकडे जाळी बसवून घ्या. साचलेली घाण कोरडी खरवडू नका, झाडू तर लावूच नका. एन-95 मास्क आणि हातमोजे घाला, पाणी शिंपडून घाण पूर्ण भिजू द्या, मग ओल्या फडक्यानं उचलून पिशवीत घट्ट बांधा. ज्याला दमा किंवा खोकला आहे त्यानं तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत दार लावून बसावं. जाळी लागल्यावर आठ-दहा दिवस कबुतरं येऊन ग्रीलवर बसत राहतात. सासूबाईंचा जीव तुटायचा, माझाही. पण त्यांच्या औषधाइतकंच या जाळीचं मोल आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

घरातला धूर हे दुसरं काम. फोडणी टाकण्याआधी एक्झॉस्ट पंखा लावा आणि गॅस बंद केल्यावरही दहा मिनिटं चालू ठेवा. मिरचीचा ठसका लागेपर्यंत थांबू नका. मच्छर कॉइल घरातून काढूनच टाका. एका कॉइलच्या धुरात जेवढे सूक्ष्म कण निघतात, तेवढे निघायला 75 ते 137 सिगारेटी जाळाव्या लागतात, असं 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं होतं. आम्ही मच्छरदाणीवर आलो. देवापुढे उदबत्तीऐवजी निरांजन आणि फुलं. घरात विडी-सिगारेट ओढणाऱ्याला गॅलरीत पाठवून भागत नाही, धूर आत येतोच. लादीवर झाडू मारण्याआधी ओलं फडकं फिरवा. पावसाळ्यात भिंतीला बुरशी धरली तर लगेच पुसा आणि ओल कुठून येते ते शोधा.

आता चालण्याबद्दल. मी पूर्वी थंडीत पहाटे साडेपाचला सर्व्हिस रोडनं चालायचे आणि शुद्ध हवा मिळते अशा समजुतीत असायचे. रात्रभर कंटेनर धावलेले असतात. थंडीत जमिनीलगतची हवा गार होऊन खालीच बसते, वरच्या उबदार थराचं तिच्यावर झाकण पडतं, आणि सगळा धूर-धूळ आपल्या नाकाच्या उंचीवर राहतो. ऊन तापलं की ते झाकण सुटतं. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी मी नवानंतर निघते आणि हमरस्ता सोडून उपवन तलावाकडे जाते. घराच्या खिडक्याही दुपारी, खाडीकडून वारा सुटला की उघडते.

निघण्याआधी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' अ‍ॅप बघते. हवेचा निर्देशांक 100 च्या वर असेल तर सासूबाई घरातच फेऱ्या मारतात, 200 च्या वर असेल तर मीही. तोंडाला रुमाल बांधून सूक्ष्म कण अडत नाहीत. मास्क लावायचाच तर एन-95, नाकावर नीट दाबून बसवलेला.

श्वासाचा एक व्यायाम आम्ही दोघी रोज करतो. खांदे सैल सोडा. नाकानं दोन अंक मोजत श्वास घ्या, पोट पुढे येऊ द्या. मग ओठांचा चंबू करून चार अंक मोजत हळूहळू सोडा. जोर लावायचा नाही, चक्कर आल्यासारखं वाटलं तर थांबायचं. मला हे जमायला आठवडा लागला. सासूबाईंना पहिल्याच दिवशी जमलं, कारण माहेरी चुलीवर फुंकणी त्यांच्याच हातात असायची. जिना चढताना श्वास सोडत पायरी चढा, दम लागला की कठड्याला धरून पाच-सहा वेळा अशी फुंकर घाला.

फ्लूची लस दरवर्षी घ्या, आणि वय 65 च्या पुढे असेल तर न्यूमोनियाच्या लशीबद्दलही डॉक्टरांना विचारा.

आणि खोकला दोन आठवड्यांहून जास्त राहिला तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका, आम्ही चार महिने घालवले. सरकारी दवाखान्यात क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी मोफत होते, ती करून घ्या. तिथे काही निघालं नाही तर छातीच्या डॉक्टरांकडे जा, आणि खिडकीतल्या कबुतरांचं त्यांनी विचारलं नाही तरी तुम्ही होऊन सांगा.