घरातली जुनी दुर्बीण विकायची आहे? भाव बोलायच्या आधी हे पहा

मागच्या महिन्यात नागपूरच्या महाल भागातल्या एका काकूंचा फोन आला. सासऱ्यांची दुर्बीण आहे, जर्मन आहे, भाच्यानं ऑनलाइन पाहून ५०,००० सांगितले आणि कबाडीवाला २०० देतो म्हणते, तू एकदा येऊन पाहून जा. गेलो. चामड्याची केस, आत जांभळं मखमल, आणि बकल उघडल्याबरोबर पावसाळाभर बंद राहिलेल्या खोलीचा येते तसा वास. तो वास आला तेव्हाच समजलं की आत फंगस निघणार, आणि निघालीच. पण तरीही ती २०० ची नव्हती, आणि ५०,००० ची तर अजिबातच नव्हती. या दोन आकड्यांच्या मधला खरा आकडा कसा काढायचा ते सांगतो, कारण असे फोन मला दर दिवाळीच्या साफसफाईत येतात आणि दरवेळी कोणीतरी चांगली वस्तू मातीमोल देऊन बसलेलं असते.

आपल्याकडे जुन्या घरांत दुर्बिणी निघतात त्याला कारण आहे. नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं, आजूबाजूला जंगलच जंगल, शिकारीचा शौक बऱ्याच घरांत होता. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, शिकारी बंद झाल्या, बंदुका गेल्या, दुर्बिणी मात्र कपाटात राहिल्या. दुसरं म्हणजे बाजूलाच कामठीची छावणी, त्यामुळे लष्करी दुर्बिणीही फिरत फिरत घरांत आल्या. तिसऱ्या म्हणजे रशियन आणि जपानी, ज्या लोकांनी स्वतः विकत घेतल्या किंवा बाहेरगावच्या नातेवाइकांनी आणून दिल्या.

सगळ्यात पहिली गोष्ट, पुसू नका. खरंच, हात जोडून सांगतो. धूळ बसलेल्या काचेवर धोतराचा तुकडा फिरवला की धुळीतले बारीक कण काचेवरच्या कोटिंगच्या पातळ थरावर ओरखडे पाडतात, ते परत कधीच जात नाहीत. फुंकणी किंवा मऊ ब्रश असेल तर धूळ उडवा, नाहीतर आहे तशीच राहू द्या. धूळ दिसली म्हणून कोणी भाव पाडत नाही, ओरखडे दिसले की पाडतात.

आता वाचा वर काय लिहिलंय. ८×३०, ७×५०, १०×५० असं काहीतरी असते. पहिला आकडा किती पट मोठं दिसते तो, दुसरा पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्यानं भागलं की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशाच्या गोलाचा व्यास मिळते, म्हणजे १०×५० ला ५ मिलिमीटर, ८×३० ला पावणेचारच्या आसपास. हा हिशोब लक्षात ठेवा, नकली माल पकडायला हाच कामी येते. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे केली की मागच्या काचेत एक छोटा चमकदार गोल दिसते, त्याला पट्टी लावा. वर १०×५० लिहिलंय आणि गोल ३ मिलिमीटरचाच भरते, तर एक तर पट खोटी आहे नाहीतर आतमध्ये रिंग टाकून काच बारीक केली आहे. आणि ज्याच्यावर १८० पट झूम वगैरे लिहिलं असते आणि काचा लालभडक असतात, ती कितीही मोठी दिसली तरी खेळणंच आहे, तिच्यावर वेळ घालवू नका.

तोच गोल अजून एक गोष्ट सांगते. पूर्ण गोल आणि कडेपर्यंत सारखा उजळ असेल तर आतल्या प्रिझमची, म्हणजे प्रकाश वळवणाऱ्या तिकोनी ठोकळ्याची, काच चांगल्या प्रतीची, बाक-४ म्हणतात ती. गोलाच्या कडा कापल्यासारख्या, करड्या सावल्या येऊन चौकोनी वाटत असेल तर साधी बीके-७. साधी म्हणजे वाईट नाही, पण भाव कमी.

मग नाव आणि नंबर. कार्ल झाइस जेना आणि त्यावर डीडीआर असेल तर ती पूर्व जर्मनीची, म्हणजे १९९० ला दोन जर्मनी एक झाल्या त्याच्या आधीची. जेनोप्टेम, डेल्ट्रिंटेम ८×३०, डेकारेम १०×५०, ही नावं दिसली तर सांभाळून ठेवा, पक्षी पाहणारे अजूनही विचारतात. पुढे लहान अक्षरांत 'मल्टी-कोटेड', म्हणजे कोटिंगचे एकाहून जास्त थर, असं लिहिलेलं असेल तर अजून चांगलं. पण जेनाचं नाव छापलेले नकली पीसही खूप आहेत, प्लास्टिकची बॉडी, झूम, लाल काच, यातलं काहीही दिसलं की नाव विसरून जा. रशियनवर मेड इन यूएसएसआर असते, आणि बहुतेक सोव्हिएत दुर्बिणींच्या सिरीयल नंबरचे पहिले दोन आकडे म्हणजेच बनल्याचं साल, ७८ नं सुरू झाला तर १९७८. या दणकट असतात, बऱ्याच पिवळसर दाखवतात, पण किमतीच्या मानानं काच फार चांगली, मी स्वतः कितीतरी वर्षं तीच वापरली. जपानीवर बिजागराजवळ किंवा पुढच्या नळीवर जेबी आणि जेई अक्षरांचे बारीक नंबर सापडतात, हे बनवणाऱ्या कारखान्यांचे कोड. दुकानाचं नाव कोणतंही असो, बनवणारा असा कळते. लष्करीवर बाणाची खूण असते, बऱ्याचदा ६×३० किंवा ७×५०, एका डोळ्यात बारीक रेषांची पट्टी दिसते आणि फोकस दोन्ही डोळ्यांना वेगवेगळा फिरवावा लागते. पक्षी पाहणाऱ्याला हे त्रासाचं आहे, खंड्या सूर मारून परत फांदीवर येऊन बसते तोवर तुमचा दुसरा डोळा जुळत नाही, म्हणून याला गिऱ्हाईक वेगळं, जुन्या वस्तू जमवणारं. वस्तू अलीकडची सरकारी वाटत असेल आणि कागद नसेल तर घेऊही नका, विकूही नका.

आता मुख्य काम, काच. खोली अंधारी करा आणि मोबाईलचा टॉर्च पुढच्या काचेतून आत मारा, मागून सरळ नाही, जरा तिरकं पहा. मग उलट करा. दोन्ही नळ्या वेगवेगळ्या पहायच्या. काय दिसू शकते ते नीट ऐका, कारण सगळा भाव इथेच ठरते. चारदोन धुळीचे कण, काही फरक पडत नाही. पातळ दुधी पडदा, जसा चहाच्या वाफेनं चष्म्यावर येते तसा पण न जाणारा, तो बहुतेकदा आतल्या ग्रीसची वाफ काचेवर बसलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, पत्र्याच्या कपाटात ठेवलेल्या दुर्बिणीचं ग्रीस पातळ होऊन पसरते, मग वाळून कडकही होते. हा पडदा उघडून साफ करता येते. तिसरं म्हणजे फंगस, कोळ्याचं जाळं किंवा झाडाची बारीक मुळं पसरावी तसे धागे, सहसा कडेकडून आत येतात. नवीन असेल तर निघते, पण जुनी फंगस कोटिंग आणि काच खाऊन टाकते, धागे पुसले तरी खुणा राहतात. आणि चौथं, जे पुष्कळ लोकांच्या लक्षातच येत नाही, पुढच्या काचेच्या कडेला पाण्यावर तेल पडल्यासारखे इंद्रधनुषी पट्टे किंवा फुगा दिसला तर चिकटवलेल्या दोन काचा सुटल्या आहेत. ती दुरुस्ती जुन्या दुर्बिणीला परवडत नाही.

काकूंच्या दुर्बिणीत उजव्या नळीत दुधी पडदा आणि डाव्या प्रिझमच्या कोपऱ्यात करंगळीच्या नखाएवढी फंगस होती, मध्यभागी काहीच नव्हतं. मधोमध असणं आणि कडेला असणं यात फार फरक आहे हो.

मी स्वतः यात फसलो आहे म्हणून टॉर्चवर इतका जोर देऊन राहिलो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका दुकानात ८×३० घेतली, नवीन पट्टा, बाहेरून पॉलिश, दुकानात ट्यूबलाइटच्या उजेडात छान वाटली, घरी येऊन टॉर्च मारला तर दोन्ही प्रिझम जाळ्यांनी भरलेले. परत घ्यायला तो तयार नव्हता. त्या दिवसापासून खिशात छोटा टॉर्च असल्याशिवाय मी कोणाची दुर्बीण पाहायला जात नाही.

काच झाली की अलाइनमेंट. दोन्ही नळ्या एकाच जागी पाहतात की नाही ते. गच्चीवर जा, दूरची वस्तू पकडा, विजेची आडवी तार किंवा सेमिनरी हिल्सवरचा टीव्ही टॉवर चांगला. फोकस करा, मग डोळे तिथेच ठेवून दुर्बीण हळूहळू चेहऱ्यापासून चार-पाच इंच लांब न्या. दोन गोल दिसायला लागतील, दोन्हीत तार एकाच उंचीवर असली पाहिजे. एकात वर आणि एकात खाली असेल तर दुर्बीण कुठेतरी आपटली आहे आणि प्रिझम सरकला आहे. थोडा फरक असला तर डोळा सांभाळून घेते आणि तुम्हाला कळतही नाही, पण अर्ध्या तासात डोकं दुखते. डावी-उजवीकडचा थोडा फरक डोळे चालवून घेतात, वर-खालीचा नाही. सूर्याकडे मात्र चुकूनही धरायची नाही, लहान मुलांच्या हातात देताना तर नाहीच, डोळा कायमचा जाऊ शकते.

बाकी मेकॅनिकल पटकन होते. बिजागर उघडून सोडा, आपोआप मिटायला नको. फोकसची चकती जड असेल तर जोर लावू नका, ग्रीस वाळलं आहे, आटे जातील. कानाजवळ हलवून पहा, आत खडखडते का. पुढच्या रिंगला पोचा आहे का. आणि स्क्रूची डोकी पहा, खरडलेली असतील तर कोणीतरी आधी उघडली आहे, आणि घरी उघडलेली दुर्बीण परत सरळ बसवणं सोपं काम नाही. कोटिंग पाहायला ट्यूबलाइटचं प्रतिबिंब काचेत पहा, हिरवट-जांभळं मिश्र दिसलं तर मल्टी-कोटेड, नुसतं निळसर-जांभळं तर एक थर, आणि पांढरंफटक तर कोटिंगच नाही. कोटिंगची पद्धत झाइसकडेच १९३५ मध्ये निघाली, म्हणजे बिनकोटिंगची चांगल्या नावाची दुर्बीण बहुतेक त्या काळातली किंवा त्याच्या आधीची, ती पाहायला अंधुक पण जमवणाऱ्याला आवडणारी.

आता भाव. माझी पद्धत साधी आहे. आज दुकानात नवीन साधी पण खरी ८×४२ कितीला येते ते विचारा, तिच्यात मल्टी-कोटिंग असते, बऱ्याच वॉटरप्रूफ असतात, चष्मेवाल्यालाही पूर्ण दिसते. जुन्या ८×३० मध्ये चष्मा लावून कडा कापल्या जातात आणि पाऊस आला की झाकावी लागते. म्हणून वापरण्याची वस्तू म्हणून जुनीचा भाव त्या नवीनच्या वर जायला नको, काच स्वच्छ आणि अलाइनमेंट सरळ असेल तर मी निम्म्यापासून सुरू करतो, जेनाची मल्टी-कोटेड असेल तर त्याच्या वर जातो. नुसता दुधी पडदा असेल तर सफाईला किती लागतील तेवढे वजा करा, आधी दुरुस्तीवाल्याला विचारून घ्या, अंदाजानं नाही. मध्यभागी फंगस असेल किंवा डबल दिसत असेल तर ती पार्ट्ससाठीच जाईल असं धरून चला. ऑनलाइन लोक मागतात तो आकडा म्हणजे भाव नाही, विकली गेलेली कितीला गेली तो भाव. भाच्याचे ५०,००० असेच कोणीतरी मागितलेले होते, ती जाहिरात वर्षभर तशीच पडून होती. आणि मूळ केस, झाकणं, पट्टा फेकू नका, जमवणारे त्याचे वेगळे पैसे देतात.

विकायची वेळही असते. पावसाळ्यात ताडोबा-पेंचचे कोअर गेट बंद असतात, १ ऑक्टोबरला उघडतात. थंडीत पाहुणे पक्षी अंबाझरी, गोरेवाडा तलावांवर उतरतात, आणि ५ ते १२ नोव्हेंबर आपल्याकडे पक्षी सप्ताह असते, पक्षी-जंगलांवर लिहिणाऱ्या मारुती चितमपल्ली सरांच्या जन्मदिवसापासून पक्षितज्ज्ञ सालीम अलींच्या जयंतीपर्यंत. नवीन पोरं याच दिवसांत दुर्बीण शोधतात. जुलैमध्ये घाईनं विकू नका.

जाहिरातीत टॉर्च मारलेला फोटो टाका, फंगस असेल तर तिचाच फोटो पहिला टाका. गिऱ्हाईक घरी बोलवून दिवाणखान्यात दाखवू नका, सकाळी तलावावर बोलवा, दहा-पंधरा मिनिटं त्याच्या हातात द्या आणि गप्प बसा. काकूंची आम्ही आधी साफ करून घेतली, १,५०० लागले, फंगसची खूण कोपऱ्यात राहिली तीही सांगितली. अंबाझरीच्या बांधावर एक कॉलेजचा पोरगा आला, त्यानं पाणकावळा पंख वाळवत बसलेला पाहिला, मग कितीतरी वेळ दुर्बीण खालीच केली नाही. ६,५०० ला गेली. केसही काकूंनी त्याला सोबत दिली, मी म्हटलं केस घे पण दुर्बीण तिच्यात ठेवू नको, चामडं ओल धरते, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेव, आणि निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परत निळे करून घे. स्वयंपाकाचा तवा नको, वेगळा घे.