समुद्री बर्फाला भोक पाडताय? या चुका टाळा

अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो साउंडमध्ये हिवाळा सरताना समुद्रावर साधारण 2 मीटर जाड बर्फ असतो. खालच्या पाण्याचं तापमान आणि क्षारता मोजायची तर आधी त्यातून आरपार जावं लागतं. गोव्याहून ध्रुवीय मोहिमांवर जाणाऱ्या तरुणांना मी हेच सांगेन: उपकरणाइतकीच काळजी भोकाची घ्या.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ऑगर, म्हणजे बर्फाचं गिरमिट, मध्येच थांबवणं. समुद्री बर्फात खारं पाणी अडकलेलं असतं, त्यामुळे निघणारा चुरा ओला असतो. यंत्र थांबलं की तो पात्यांभोवती गोठतो आणि मीटरभर खाली रुतलेलं गिरमिट हलेनासं होतं. दर वीतभर खोलीला ते फिरतं ठेवूनच वर घ्या, चुरा उपसा, मग पुन्हा उतरवा. अडकलंच तर हिसके देऊ नका, कडेनं गरम पाणी सोडा. गोठणरोधक द्रव मात्र ओतू नका, पाण्याचे नमुने वाया जातात.

तळाशी पोचताना अंगाचा भार टाकू नका. बर्फ फुटताच गिरमिट एकदम खाली जातं; सांध्याची पिन ढिली असेल तर थेट समुद्राच्या तळाला. आधीच दोरी बांधा.

पाणी भोकात वर चढतं, पण काठापर्यंत येत नाही. 2 मीटर बर्फात ते साधारण 20 सेंटीमीटर खाली थांबतं. खोलीचा शून्य तिथे धरायचा, बर्फाच्या पृष्ठभागावर नाही. वर पडलेल्या हिमाचा जाड थर साचला असेल तर हा फरक बदलतो, म्हणून दरवेळी मोजा.

आकडे विचित्र दिसले तर आधी सेन्सर पाहा. उणे 20 अंशांच्या हवेत क्षारता मोजणाऱ्या नळीत उरलेलं पाणी गोठतं, नळी तडकूही शकते. उपकरण उबदार तंबूतून सरळ पाण्यात सोडा, बर्फाच्या खाली काही मिनिटं स्थिर ठेवा आणि भोकातली मापं सोडून द्या, तिथे चुरा वितळलेला असतो. मॅकमर्डोत रॉस हिमपट्ट्याखालून (किनाऱ्याला जोडलेल्या, समुद्रावर तरंगणाऱ्या जाड बर्फाखालून) येणारं पाणी गोठणबिंदूच्याही खाली जाऊन द्रवच राहिलेलं असू शकतं. त्यामुळे दोरीवर, सेन्सरवर बर्फाच्या पातळ चकत्या धरतात. क्षारता अचानक घसरली तर नळीत बर्फ शिरल्याची शंका घ्या.

निघताना भोकावर फोमचं झाकण ठेवा आणि शेजारी बांबूचा झेंडा रोवा. रात्रीतून पडलेला हिम ते झाकून टाकतो, आणि दुसऱ्या दिवशी कुणाचा तरी पाय त्यात जातो.