विहिरीतलं १८ : विषाचा धोका मोजायला शिकणाऱ्यांसाठी

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी मी जळगाव जिल्ह्यात यावल तालुक्यातल्या एका विहिरीचं पाणी तपासलं. विहीर केळीच्या बागेला लागून होती, आणि केळीला युरिया किती जातो ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको. खतातून पाण्यात उतरणारं नायट्रेट १८ आलं. भारतीय मानकाची मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटर. मी वहीत ‘सुरक्षित’ लिहिलं आणि पुढच्या खेपेला त्या घरी जाऊन सांगूनही टाकलं. घरात तीन महिन्यांचं बाळ होतं. आईला दूध पुरत नव्हतं, म्हणून डब्याची भुकटी याच पाण्यात कालवून देत होते. आजीने विचारलं, “ताई, मंग पोऱ्याले हेच पानी देऊ ना?” मी म्हणाले, “द्या, फक्त उकळून द्या.”

‘द्या’ हेही चूक होतं आणि ‘उकळून’ हेही. या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने ही चूक नीट समजून घ्यावी, म्हणून सविस्तर सांगते.

ते १८ नायट्रेटचं नव्हतं, नायट्रेटमधल्या नायट्रोजनचं होतं. आमच्या प्रयोगशाळेतलं प्रमाण द्रावण, म्हणजे ज्याच्याशी ताडून नमुना मोजतात ते, नायट्रोजनच्या हिशोबाने बनवलेलं होतं आणि रिपोर्टच्या छापील रकान्यात नुसतं ‘नायट्रेट’ होतं. नायट्रेटचं वजन ६२, त्यातला नायट्रोजन १४. ६२ ला १४ ने भागा, ४.४३ येतात. १८ ला ४.४३ ने गुणलं की जवळजवळ ८०. मानकातले ४५ मात्र अख्ख्या नायट्रेटचे आहेत. म्हणजे पाणी मर्यादेच्या पावणेदोन पट होतं आणि मी ते निम्म्याहून कमी समजत होते. कापसाचा क्विंटलचा भाव खंडीला लावावा तसं झालं. अमेरिकेची मर्यादा १० आहे, ती नायट्रोजनच्या रूपात. तिला ४.४३ ने गुणा, ४४ च्या आसपास येते. ४५ आणि १० दिसायला दूरचे आहेत, पण सांगतात एकच.

उकळण्याचं तर आणखी वाईट. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट तिथेच राहतं. पाणी आटतं तसं ते उलट दाट होतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला बिघडवतं आणि त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. मोठ्यांच्या शरीरात बिघडलेलं हिमोग्लोबिन दुरुस्त करणारं एन्झाइम पुरेसं असतं, तान्ह्याच्या अंगात ते कमी असतं. ओठ-नखं निळी पडतात. वेळेत कळलं तर दवाखान्यात उपचार आहे, पण वेळेत कळायला हवं.

चूक लक्षात आल्यावर मी घाबरून उलट्या बाजूला पडले. हॅझार्ड कोशंट काढायला बसले : शरीरात जाणारी मात्रा भागिले सुरक्षित मात्रा. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची (ईपीए) सुरक्षित मात्रा दर किलो वजनामागे दिवसाला १.६ मिलिग्रॅम. मी ८० घेतले, बाळाच्या दिवसभराच्या ०.६४ लिटर पाण्याने गुणले, त्याच्या ४ किलो वजनाने भागले, १२.८ आले. भागिले १.६, उत्तर ८. रात्रभर झोप नाही. पण ते १.६ सुद्धा नायट्रोजनचंच आहे! १० मिलिग्रॅमचं पाणी ०.६४ लिटर पिणारं ४ किलोचं बाळ, यावरूनच तो आकडा बांधलेला आहे. करून पाहा, बरोबर १.६ येतात. खरं उत्तर १.८ होतं. १ च्या वर, म्हणजे पाणी बदलायलाच हवं. पण ८ नव्हे. एकाच चुकीने आधी मी खोटा धीर दिला आणि मग खोटी भीती तयार केली. छापून आलेल्या निबंधांतही ही गल्लत मला दिसली आहे, तेव्हा छापलंय म्हणून उचलू नका.

हे मला दाखवलं आमच्या प्रयोगशाळेतल्या साहाय्यकांनी. बी.एस्सी. झालेले, पंचवीस वर्षं त्याच टेबलावर. “ताई, हे कशाच्या रूपात धरलंय?” एवढंच विचारलं. मार्गदर्शकांनी तक्ता न बघताच सही केली होती. म्हणून माझं ठाम मत आहे : मार्गदर्शक निवडताना त्यांचे निबंध मोजू नका. नमुना कोणत्या बाटलीत घेतला, बर्फात ठेवला का, किती तासांनी तपासला, हे विचारणारा माणूस शोधा. मे महिन्यात डिकीत चार तास तापलेल्या बाटलीतून काय मोजणार? आणि सिनियरकडून चालत आलेली धोका मोजायची एक्सेलची फाइल उघडूही नका. तिच्यात कुणाचं तरी ७० किलो वजन आणि दिवसाला २ लिटर पाणी बसवलेलं असतं. फ्लोराइडच्या कामात मी बागेतल्या मजुरांना तांब्याने मोजून विचारलं, तर मे महिन्यात एकेकाचं पाणी सहा लिटर निघालं.

किरणोत्साराकडे जाणाऱ्यांनो, तुमच्याकडेही हाच सापळा आहे. बेकरेल म्हणजे दर सेकंदाला किती अणू फुटले. माणसाला किती इजा होईल ते सिव्हर्ट सांगतं. पोटात गेलेल्या पोलोनियम-२१० चा एक बेकरेल सिझियम-१३७ च्या एका बेकरेलच्या सुमारे नव्वदपट मात्रा देतो. रावेरचे लोक मला हमखास विचारतात, केळीत किरणोत्सार असतो म्हणे? असतो, पोटॅशियम-४० चा. पण शरीर पोटॅशियम ठरावीक पातळीलाच ठेवतं, जास्तीचं बाहेर टाकतं. केळ्यांची संख्या वाढवून धोका गुणता येत नाही. खुशाल खा.

माझी एक मैत्रीण एक्स-रे विभागात लागली. तिचा टीएलडी बॅज (अंगावर किती किरण पडले ते नोंदवणारा बिल्ला) शिशाच्या एप्रनला लावलेला आणि एप्रन रोज एक्स-रेच्या खोलीतच टांगलेला. तीन महिन्यांनी रिपोर्ट आला, आकडा धडकी भरवणारा. तो त्या भिंतीचा डोस होता. बॅज एप्रनच्या आत, छातीवर लावायचा आणि काम संपलं की किरणांपासून दूर ठेवायचा. वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्टची मर्यादा किरणांजवळ काम करणाऱ्या माणसासाठी आहे, भिंतीसाठी नव्हे.

गणिताला घाबरू नका, सगळा गुणाकार-भागाकारच आहे. फिजिक्सवाल्यांना मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचा (बीएआरसी) रेडिओलॉजिकल फिजिक्सचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. विषारी द्रव्यांकडे वळायचं असेल तर अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आहे, सुरतमार्गे जाता येतं. प्रवेश एका फटक्यात नाही झाला तरी चालतं. माझाही नाही झाला.

आठ दिवसांनी मी त्या घरी परत गेले. बाळ ठणठणीत होतं. मी ओसरीवर बसून सांगितलं की माझं चुकलं, बाळाला या विहिरीचं पाणी देऊ नका. आजी रागावल्या नाहीत, नातवाला मांडीवर घेऊन नुसत्या ऐकत राहिल्या. त्या दिवसापासून बाळासाठीचं पाणी दुसऱ्या गल्लीतल्या नळावरून येऊ लागलं, ते मी आधी तपासलं होतं, दोन्ही रूपांत. आता कुठल्याही गावाला रिपोर्ट देते तेव्हा आकड्याखाली हाताने लिहिते : ‘हे अख्ख्या नायट्रेटचं माप आहे. पाणी उकळून नायट्रेट जात नाही.’