जुन्या चर्चचा इतिहास लिहायचाय? आधी फरशी बघा

चर्चमध्ये नवीन टाइल्स बसवायचं ठरलं असेल, तर कमिटीला हात जोडून थोडे दिवस थांबवा. जुनी फरशी उखडली की मंडळी कुठे आणि कशी बसायची, याचा पुरावाच जातो.

अंधार पडल्यावर दारं लावून घ्या, दिवे घालवा आणि बॅटरी फरशीला टेकवून आडवी धरा. दिवसा नजरेतून सुटलेल्या खुणा लगेच उठून दिसतात. सोलापुरातल्या आमच्या चर्चमध्ये शहाबादी फरशीवर बाकांच्या पायांचे खळगे फक्त मागच्या अंगाला आहेत. पुढची फरशी एकसारखी, गुळगुळीत झिजलेली. म्हणजे पुढे सतरंजीवरच बसत. गिरणीच्या चाळींतल्या आजीबाईंना विचारलं, तर त्या आपली जागासुद्धा दाखवतात. त्यांचं सांगणं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.

मग मान वर करा. तुळयांना लोखंडी कड्या आहेत का? त्या दिव्यांच्या असतील किंवा हाताने ओढायच्या पंख्याच्या. इथल्या मे महिन्यात तो पंखा लागणारच.

पुलपिट, म्हणजे प्रवचन द्यायचा उंच चौथरा, मधोमध आहे की बाजूला, हे नीट नोंदवा. अमेरिकन मराठी मिशन या प्रोटेस्टंट मिशनच्या मंडळ्यांत, म्हणजे स्थानिक चर्चसमुदायांत, प्रवचनाला मोठा मान होता, म्हणून ही जागा महत्त्वाची. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन उत्तर भारत चर्च झालं आणि बिशप नसलेल्या मंडळ्यांनाही बिशप आले. तेव्हा प्रभुभोजनाचं मेज, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस ठेवायचं टेबल, हललं का? याचं उत्तर लग्नाच्या फोटोंत सापडतं. घरोघरचे अल्बम मागा, नवरानवरीच्या मागे काय दिसतंय ते बघा. साल विवाह नोंदवहीत मिळेल. कॅथलिक चर्च असेल तर १९६२ ते ६५ ची दुसरी व्हॅटिकन परिषद ध्यानात ठेवा. त्यानंतर लॅटिनच्या जागी लोकांची भाषा आली आणि वेदी भिंतीपासून पुढे सरकली.

गाण्यांच्या जुन्या वह्या मात्र सावकाश चाळा, माझ्या मते खरा खजिना तोच. ख्रिस्ती झालेले मराठी कवी ना. वा. टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यामुळे त्यांची ख्रिस्ती भजनं असलेली वही त्यानंतरचीच. समासात पेटीवाल्याने सूर किंवा चाल लिहिली असेल, तर त्या पानाचा फोटो काढाच. इंग्रजी चालीवरून अभंगाच्या चालीकडे मंडळी कशी वळली, ते तिथे कळतं.

शेवटी टेपने मापं घेऊन आराखडा काढा, तारीख टाका आणि एक प्रत पाळकसाहेबांकडे (चर्चच्या धर्मगुरूंकडे) नोंदवह्यांच्या कपाटात ठेवायला द्या.